शेजाऱ्याचं बोअर अन् आपली विहीर

रेणापूरकडच्या एका भावाचा प्रश्न आलाय, जसाच्या तसा देतो: "साहेब, माझी विहीर 45 फूट, वडलांनी खोदलेली, मार्चच्या आत कधी आटली नाही. मागच्या साली शेजाऱ्यानं बांधाला लागून 400 फूट बोअर पाडलं अन् यंदा जानेवारीतच तळ दिसला. त्यानं माझा झरा तोडला का? मी आता 600 फूट घेऊ का?" अशाच अर्थाचे अजून दोन-तीन मेसेज आहेत म्हणून एकदाच लिहितो, जरा लांबेल.

आधी उत्तर, 600 फूट घेऊ नका. आता का ते.

आपल्याकडं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं की खाली कुठंतरी नदी वाहते, पाणाड्या तळहातावर नारळ धरून शेतात फिरतो, नारळ उभा राहिला की म्हणतो इथं दोन धारा एक झाल्यात. धारा-बिरा काही नसतं हो. बहुतेक मराठवाडा लाव्हाच्या खडकावर बसलाय, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर ओतला गेला, भाकरीची चवड असते ना तसा. किल्लारीला भूकंपानंतर खोल भोक घेऊन बघितलं तर हा काळा खडक 338 मीटर जाड निघाला, ग्रॅनाईट लागला तो त्याच्याही खाली. (देगलूर-बिलोलीकडं ग्रॅनाईट वरच आहे, तिकडचं गणित वेगळं, त्यांनी वेगळं विचारा.)

प्रत्येक थराचा वरचा भाग फुगलेला, भोकाभोकाचा, त्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. खालचा भाग घट्ट काळा पाषाण, सुरुंग लावल्याशिवाय हलत नाही. दोन थरांच्या मधे कुठं कुठं लाल गेरूचा पट्टा असतो. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्याच्या भेगांत आणि थरांच्या सांध्यात. पाषाणाला भेग नसेल तर त्यात पाणी नाहीच, मग 200 फूट जा नायतर 800.

आणि राहतं ते तरी किती? अशा खडकातून उपसून हाती येणारं पाणी त्याच्या आकाराच्या साधारण 2 टक्के धरतात, 1 ते 3 च्या मधे. म्हणजे हिशोब असा की एका एकराला मोकाट तीन इंच पाणी दिलं तर त्या एकराखालची पातळी साडेबारा फूट उतरते, किंवा साडेबारा एकराखालची एक फूट, थोडंफार परत मुरतं ते सोडा. आता वर्षभराच्या उसाला अशा किती पाळ्या देता ते तुम्हीच मोजा, मी बोललो की लोकांना राग येतो.

हे पाणी जागेवर बसून पण राहत नाही. माळावर मुरतं, उताराच्या अंगानं भेगाभेगांतून हळूहळू ओढ्याकडं सरकतं, पाऊस संपल्यावरही ओढा दिवाळीपर्यंत वाहतो तो याच पाण्यावर. तुमची विहीर मधे त्या वाटेवर आहे. काळ्या भारी रानात पाणी कमी मुरतं, ओली झाली की माती फुगून बंद होते, त्यामुळं तुमच्या विहिरीचं पाणी बहुधा वरच्या मुरमाड माळावरनं येतं, तो माळ कुणाचा का असेना.

आता शेजाऱ्याचं बोअर. केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून घालतात तो पाइप, टाकतात ती फक्त वरच्या माती-मुरमापुरती, 20-30 फूट. त्याच्या खाली उघडं भोक. वरच्या थरातलं पाणी, जे पाषाणानं नायतर गेरूनं अडवून धरलं होतं, ते त्या भोकातनं खाली उतरतं. मोटर बंद असली तरी उतरतं! त्यामुळं झरा तोडला म्हणण्यापेक्षा तुमच्या टाकीच्या बुडाला भोक पडलं असं समजा. पण सगळा दोष बोअरला देण्याआधी एक बघा, त्याच्याकडं मागच्या सालापासून ऊस वाढलाय का. तसं असेल तर नुसता उपसाच पुरेसा आहे.

अन् तुम्ही 600 घेतलं तर दुसरं भोक पडेल, दुसरं काय. खोलातल्या सांध्यात पाणी लागतं कधी कधी, पण ते साठायला फार काळ लागलेला असतो, पहिल्या साली दणकून चालतं अन् दुसऱ्या-तिसऱ्या साली बोअर गुळण्या टाकायला लागतं. शिवाय 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटर म्हणजे जवळपास 200 फूट आणि त्याच्यापुढची विहीर खोल धरलीय, शेतीसाठी तसं पाडायला मनाई आहे. सगळे पाडतात हे मलाही माहितीय.

मग करायचं काय, तर विहिरीवरच खर्च करा. मांजऱ्याचा थर विहिरीत दिसत असेल तर त्या थरात, माळाच्या दिशेनं आडवं बोअर मारून बघा, घट्ट पाषाणात मारू नका, पैसे जातील. वरच्या माळाला सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले) अन् बांध घाला, एकट्यानं होत नाही, माळवाल्याशी बोलावं लागेल. पावसाचं पाणी विहिरीत सोडायचं तर आधी गाळ बसायला खड्डा, मग दगड-खडी-वाळूचा खड्डा, त्यातनं पाइप. शेतातलं गढूळ पाणी डायरेक्ट सोडलं तर गाळानं भेगा बुजतात, फवारणीचं औषध पण जातं. शेजारी तयार असेल तर त्याच्या बोअरची केसिंग वरच्या पाण्याच्या थराच्या खाली, पाषाणात नेऊन बाहेरून सिमेंटनं बंद करता येते का ते बोअरवाल्याला विचारा, दोघांत खर्च वाटून घ्या, भांडणापेक्षा स्वस्त पडेल.

आणि दोरीला फुटाफुटावर गाठी मारून ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे मधे पातळी मोजून वहीत लिहा, भूजल खातं पण त्यांच्या निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजतं. विहिरीच्या कडांचे फोटो मला पाठवा, चारी बाजूंचे, सकाळी ऊन आत पडायच्या आधी काढा, सावलीत थर नीट ओळखू येतात.