घर खारघरला, विक्रेता ठाण्यात: दावा कुठे लावायचा?

प्रश्न : खारघरचा फ्लॅट एका गृहस्थांकडून 92 लाखांना घ्यायचे ठरले. 15 लाख चेकने देऊन साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) पनवेलला नोंदवले, माझे कर्जही मंजूर झाले. आता भाव चढल्यावर ते खरेदीखताला येत नाहीत. ते घोडबंदर रोडला राहतात आणि साठेखतात ‘सर्व वाद फक्त ठाणे न्यायालयात’ असे कलम आहे. एजंट महारेरात जा म्हणतो. मला घरच हवे आहे. कुठे जाऊ? – एक वाचक, कळवा

उत्तर : महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारे राज्याचे प्राधिकरण, बिल्डर आणि नोंदणीकृत एजंटांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे. आपला राहता फ्लॅट विकणारा माणूस त्यात येत नाही, आणि ग्राहक आयोगातही तो ‘सेवा देणारा’ ठरत नाही. शब्द फिरवला म्हणजे फसवणूक झाली असे होत नाही. देण्याचा हेतू पहिल्यापासूनच नव्हता हे दिसावे लागते. त्यामुळे पोलीस ठाण्यातूनही बहुधा ‘दिवाणी वाद आहे’ असेच उत्तर मिळेल.

घर हवे असेल, तर करारपूर्तीचा (विक्रेत्याने खरेदीखत करून द्यावे असा) आणि ताब्याचा दावा पनवेलला लावा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 16 प्रमाणे स्थावर मिळकतीचा दावा मिळकत जिथे आहे तिथेच चालतो. खारघर, कामोठे, कळंबोली बोलण्यात नवी मुंबई असली तरी ती पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात आहेत; वाशी-नेरुळ-ऐरोली ठाणे जिल्ह्यात. ही गल्लत फार होते. रक्कम 5 लाखांवर असल्याने दावा वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे जाईल.

मग साठेखतातले ते ‘फक्त ठाणे’ कलम? ज्या न्यायालयाला मुळात अधिकार नाही त्याला तो दोघांच्या सह्यांनी मिळत नाही. गुडगावच्या प्लॉटचा दावा दिल्लीत लावणाऱ्या खरेदीदाराला सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये हेच सांगितले. दावा दिल्लीत कित्येक वर्षे चालल्यावर! ठाण्यात लावलात तर प्रतिवादी हरकत घेईल, दावा परत मिळेल आणि पनवेलला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. मात्र उद्या नुसते 15 लाख परत मागायचे ठरवलेत, तर तो पैशाचा दावा होतो. तो पनवेलला आणि ठाण्यालाही चालू शकतो, आणि तेव्हा हेच कलम तुम्हाला ठाण्याला बांधून ठेवते.

दाव्यात ताबा मागाच, आणि ‘नाहीतर रक्कम व्याजासह परत’ ही पर्यायी मागणीही लिहा. न मागितलेला परतावा न्यायालय देत नाही. फ्लॅट तिसऱ्याला विकू नये म्हणून तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज दाव्यासोबतच द्या आणि दाव्याची नोटीस (या फ्लॅटवर दावा चालू असल्याची सूचना) दुय्यम निबंधकांकडे नोंदवा. मुदत तीन वर्षांची. साठेखतात खरेदीखताची तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून. कोर्ट फी करारातल्या किमतीवर लागते, जास्तीत जास्त 10 लाख.

असे दावे हरतात ते बहुधा तयारीच्या पुराव्यावर. 1 ऑक्टोबर 2018 पासून करारपूर्तीचा हुकूम देणे न देणे पूर्वीसारखे न्यायालयाच्या मर्जीवर राहिलेले नाही. पण तुम्ही पैसे घेऊन सतत तयार होतात हे सिद्ध करणे तुमच्यावरच आहे. कर्जाच्या मंजुरीपत्राची मुदत संपू देऊ नका, वाढवून घ्या. स्वतःच्या वाट्याची रक्कम खात्यात दिसू द्या. वकिलामार्फत तारीख-वेळ देऊन विक्रेत्याला निबंधक कार्यालयात बोलवा, स्वतः जा, हजेरीचा पुरावा ठेवा. नोटिशीत रागाच्या भरात ‘पैसे परत करा’ असे लिहू नका. तुम्हीच करार सोडला असे प्रतिवादी म्हणेल. त्याने परस्पर खात्यात पैसे टाकले तर लगेच लेखी हरकत घेऊन परत पाठवा.

प्रश्न : उलव्यात बिल्डरकडे घर नोंदवले. करारातली ताब्याची तारीख उलटली. माझाही दावा पनवेललाच का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही. प्रकल्प महारेरात नोंदलेला असेल तर रेरा कायद्याच्या कलम 18 खाली तिथे ऑनलाइन तक्रार करा. प्रकल्पात राहायचे असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज, बाहेर पडायचे असेल तर व्याजासह परतावा मागता येतो. ज्या बाबी रेराकडे आहेत त्यांत दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही (कलम 79). ग्राहक आयोगाचा पर्याय मात्र खुला आहे, आणि तिथे तुम्ही राहता त्या ठाणे जिल्ह्यातही तक्रार चालते. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर 2 कोटींपर्यंत राज्य आयोग. महारेरा आणि ग्राहक आयोग, दोन्हीकडे एकाच वेळी जाऊ नका.