तारीख, नाव, भाषा, पत्ता: अमेरिकेतल्या आफ्रिकी स्थलांतरितांना मदत करताना

अमेरिकेत आफ्रिकी स्थलांतरितांसाठी स्वयंसेवा करणाऱ्या वाचकांचे चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या केंद्रात इथिओपियाचे एक कुटुंब आश्रयाचा (असायलमचा) अर्ज भरते आहे. मुलाच्या जन्मदाखल्यावर ५/५/१९९८ आहे आणि पासपोर्टवर १३ जानेवारी २००६. दाखला खोटा असेल का?

उत्तर : दोन्ही तारखा खऱ्या आहेत आणि दिवसही एकच आहे. इथिओपियाच्या दिनदर्शिकेत ३० दिवसांचे बारा महिने असतात आणि वर्षाअखेरीस पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा महिना. नवे वर्ष ११ सप्टेंबरला लागते, चार वर्षांतून एकदा १२ ला. वर्षाचा आकडा आपल्या नेहमीच्या इसवी सनापेक्षा सात किंवा आठने मागे असतो. दाखल्यावरचा पाचवा महिना मे नाही, तिर आहे. त्या वर्षी तिर ९ जानेवारीला सुरू झाला, म्हणून ५ तिर १९९८ म्हणजे १३ जानेवारी २००६. नुसती आठ वर्षे मिळवून ५ मे २००६ लिहिलेत, तरी ते चूकच.

ही चूक महागात पडते. आई किंवा वडिलांच्या अर्जात २१ वर्षांखालचे अविवाहित मूल सामावून घेता येते. ५ मे १९९८ अशी तारीख पडली, तर हाच मुलगा कागदोपत्री कधीच २१ ओलांडून गेलेला असतो. शिवाय मुलाखतीत दोन तारखा समोर आल्या की अधिकाऱ्याचा संशय अख्ख्या कहाणीवर जातो.

म्हणून भाषांतरात मूळ तारीख आहे तशी ठेवा, ती इथिओपियाच्या दिनदर्शिकेनुसार असल्याचे लिहा आणि शेजारी कंसात रूपांतरित तारीख द्या. मूळ दाखल्यावर पेन टेकवू नका. शिक्के आणि समासातल्या नोंदींचेही भाषांतर हवे. शेवटी भाषांतरकाराने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे असे लिहून सही करायची. त्यासाठी नोटरी लागत नाही. इरिट्रियाच्या कागदांना मात्र हे गणित डोळे झाकून लावू नका, तिथला सरकारी व्यवहार इसवी सनाने चालतो.

नावांचेही तसेच. इथिओपियात आडनाव नसते. स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आजोबांचे. त्यामुळे बाप-लेकाचे ‘लास्ट नेम’ वेगळे दिसते आणि शाळेत किंवा दवाखान्यात नात्यावरच प्रश्न येतो. पासपोर्टवर जी मांडणी आहे तीच सगळीकडे ठेवा. बाकीची रूपे ‘इतर नावे’ या रकान्यात लिहा.

आणखी एक, आणि हे सगळ्यात आधी पाहा. आश्रयाचा अर्ज, म्हणजे आय-५८९, अमेरिकेत शेवटचे पाऊल ठेवल्यापासून एका वर्षात दाखल व्हावा लागतो. अपवाद आहेत, पण ते सिद्ध करावे लागतात. कागद जमवण्याच्या नादात वर्ष उलटून जाते. पुरावे नंतरही जोडता येतात, हुकलेली मुदत परत आणणे फार कठीण. २०२५ पासून या अर्जाला शुल्क आहे. अर्ज पाठवायच्या दिवशी चालू रक्कम तपासा. अर्ज तुम्ही भरून दिलात, तर पैसे घेतले नसले तरी ‘तयार करणारा’ म्हणून तुमची सही लागते. कोणता अर्ज करावा आणि त्यात काय सांगावे, हा सल्ला मात्र वकिलाने किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीनेच द्यायचा.

प्रश्न : गिनीतून आलेल्या तरुणाची आश्रय कार्यालयात मुलाखत आहे. त्याची भाषा ‘फुला’ अशी नोंदवली आहे. सेनेगलचा एक ओळखीचा फुलाभाषक यायला तयार आहे. चालेल का?

उत्तर : लगेच हो म्हणू नका. गिनीच्या फुटा जालोनमधली पुलार, सेनेगल-मॉरिटानियातली पुलार आणि नायजेरिया-कॅमेरूनमधली फुलफुल्दे या एका कुळातल्या, पण बाजारात निभावणारी समज मुलाखतीत पुरत नाही. आधी दोघांना फोनवर दहा-पंधरा मिनिटे बोलू द्या. विषय मुद्दाम तारखा, नाती, पोलीस, मारहाण असे ठेवा. अडखळले तर माणूस बदला. ‘फ्रेंच येते ना, मग फ्रेंचमध्येच उरकू’ हा मोह टाळा. फ्रेंच फक्त शाळेपुरती येणारा माणूस छळाचे तपशील गाळतो आणि मग त्याचे म्हणणे अर्धवट वाटते.

आश्रय कार्यालयात दुभाषी अर्जदारानेच आणायचा असतो. तो १८ वर्षांचा किंवा मोठा हवा. अर्जदाराचा वकील, साक्षीदार किंवा त्याच्या देशाच्या सरकारचा नोकर चालत नाही. सबळ कारणाशिवाय दुभाषी आणला नाही, तर अर्जदार गैरहजर होता असे धरले जाऊ शकते. हद्दपारीचे खटले चालवणाऱ्या स्थलांतर न्यायालयात उलटे आहे, तिथे दुभाषी न्यायालय देते आणि तोही मोफत. पहिल्याच तारखेला भाषा, बोली आणि प्रदेश तिन्ही सांगा, फक्त ‘फुला’ नाही.

प्रश्न : अर्जदाराने घर बदलले, टपाल कार्यालयात पत्ताही बदलला. एवढे पुरे?

उत्तर : नाही. दहा दिवसांत गृहसुरक्षा खात्याच्या यूएससीआयएस या स्थलांतर विभागाला एआर-११ हा फॉर्म आणि स्थलांतर न्यायालयात खटला असेल, तर पाच कामकाजाच्या दिवसांत न्यायालयाला ईओआयआर-३३ हा फॉर्म. ही खाती वेगळी आहेत, एकाला कळवले म्हणून दुसऱ्याला कळत नाही. न्यायालयाची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि सुनावणी चुकली, तर गैरहजेरीतच हद्दपारीचा आदेश निघतो. ए-नंबर (स्थलांतरिताच्या सरकारी कागदांवरचा ओळखक्रमांक) हाताशी ठेवून न्यायालयाच्या १-८००-८९८-७१८० या फोनवर सुनावणीची तारीख अधूनमधून पाहत राहा. ए-नंबर आठ आकडी असेल तर आधी शून्य लावा. आदेश निघालाच असेल, तर त्याच दिवशी वकील गाठा. गंभीर आजारपणासारख्या असाधारण कारणासाठी खटला पुन्हा उघडायला १८० दिवस मिळतात. नोटीसच योग्य रीतीने मिळाली नसेल, तर ही मुदत लागत नाही.

इथिओपियाच्या मंडळींना वेळ सांगतानाही जपा. त्यांचे घड्याळ सूर्योदयापासून मोजते, त्यांचे सकाळचे तीन म्हणजे आपले नऊ.

प्रश्न : आमच्या गटाने थोडा निधी जमवला आहे. कपडे-धान्य द्यावे की आणखी काही?

उत्तर : वकिलावर खर्च करा. स्थलांतर न्यायालयात सरकार वकील पुरवत नाही, आणि ही पोकळी भरायला भामटे टपलेले असतात. फ्रेंच कायदापद्धतीच्या देशांत नोटरी हा मोठा कायदेतज्ज्ञ असतो. अमेरिकेतला नोटरी सहीची खातरजमा करतो, एवढेच. त्याला हजारो डॉलर मोजून बसलेली माणसे नंतर केंद्रात येतात. वकील परवडत नसेल, तर न्याय खात्याने मान्यता दिलेले प्रतिनिधी शोधा. अंशतः मान्यता असलेला फक्त गृहसुरक्षा खात्यापुढे उभा राहू शकतो, पूर्ण मान्यता असलेला न्यायालयातही. कोणती आहे ते विचारूनच काम सोपवा.

पैशाशिवायही एक मोठे काम आहे. सरकारी रकान्यात ‘कृष्णवर्णीय’ एवढीच नोंद झाली की कित्येक पिढ्या अमेरिकेत असलेला माणूस आणि काल पश्चिम आफ्रिकेतून आलेला सोनिंकेभाषक एकाच आकड्यात मिसळतात, आणि दुभाषाची गरज कुठेच दिसत नाही. न्यूयॉर्क शहराच्या २०१७ च्या कायद्यात सरकारी कागदांच्या भाषांतरासाठी दहा भाषा ठरल्या. त्यांत अरबी आणि फ्रेंच आहेत, पण वोलोफ, फुला, सोनिंके या पश्चिम आफ्रिकी भाषा नाहीत. वॉशिंग्टन डीसीत २००४ च्या भाषा-कायद्याखाली इथिओपियाच्या अम्हारिक भाषेला जागा मिळाली, कारण गरज नोंदीत दिसत होती. तुमच्या शहरातल्या शाळेला आणि दवाखान्याला पहिल्या भेटीच्या फॉर्मवर भाषा आणि बोली असे दोन रकाने ठेवायला सांगा. ‘आफ्रिकन कम्युनिटीज टुगेदर’ किंवा ‘ब्लॅक अलायन्स फॉर जस्ट इमिग्रेशन’ या स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या संस्थांची शाखा जवळ असेल, तर वेगळी आघाडी न उघडता त्यांच्या कामात हात लावा. मागण्या त्या समाजाने ठरवाव्यात, तुम्ही नोंदी, भाषांतरे आणि न्यायालयापर्यंत गाडी एवढे सांभाळा.