मुलाच्या फुटबॉलसाठी मनिला की बर्मिंगहॅम? नील एथरिजचे नाव घेऊन विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही पुण्याचे, पत्नी मूळच्या सेबूच्या, मुलगा पंधरा वर्षांचा आणि गोलकीपर, हातात दोन नोकऱ्या, एक मनिलाची आणि एक बर्मिंगहॅमची. मुलाच्या फुटबॉलच्या दृष्टीने कोणती घ्यावी, आणि फिलिपिन्सचा गोलकीपर नील एथरिज याच्यासारखे काही त्याच्या वाट्याला येऊ शकेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी कोल्हापूरचा आहे, मनिलालगतच्या मकातीमध्ये चार वर्षे काढली आणि २०१६ पासून कार्डिफला राहतो, म्हणजे दोन्ही देशांतले पाणी प्यायलो आहे आणि एथरिजला इथल्या कार्डिफ क्लबच्या गोलमध्ये उभे राहिलेले प्रत्यक्ष पाहिले आहे. पगार आणि घरभाडे यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

एथरिजची गोष्ट बहुतेक जण शेवटाकडून वाचतात. ऑगस्ट २०१८ मध्ये तो प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च पातळीवर, खेळणारा पहिला फिलिपिनो आणि पहिला आग्नेय आशियाई खेळाडू ठरला, एवढेच लक्षात राहते. त्या दिवशी त्याचे वय अठ्ठावीस होते आणि लंडनच्या फुलहॅम क्लबमध्ये पाऊल ठेवल्याला बारा वर्षे झाली होती. तुमच्या मुलासाठी खरा उपयोगाचा भाग या बारा वर्षांचा आहे.

त्याचा जन्म १९९० चा, लंडनमधल्या एनफील्डचा. वडील इंग्रज, आई फिलिपिनो. २००३ ते २००६ तो चेल्सीच्या ऍकॅडमीत होता, तिथून फुलहॅमला गेला आणि २०१४ पर्यंत फुलहॅमच्या पगारपत्रकावर राहिला. या आठ वर्षांत फुलहॅमच्या पहिल्या संघाकडून तो किती अधिकृत सामने खेळला असेल? एक. डिसेंबर २०११ मध्ये युरोपा लीगमध्ये डेन्मार्कच्या ओडेन्सेविरुद्ध २-२ अशी बरोबरी झाली, शेवटच्या क्षणी गोल बसला आणि फुलहॅम स्पर्धेबाहेर गेले. त्याच्या पुढे मार्क श्वार्झर होता, डेव्हिड स्टॉकडेल होता, आणि संघात गोलकीपरची जागा एकच असते. बचावपटू किंवा मधल्या फळीतला खेळाडू निदान बदली म्हणून दहा मिनिटे तरी मैदानात उतरतो. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा गोलकीपर मात्र हंगामच्या हंगाम फक्त सराव करतो. मधल्या काळात त्याला लेदरहेड, चार्ल्टन, ब्रिस्टल रोव्हर्स आणि क्रू येथे लोनवर, म्हणजे तात्पुरते उसने, पाठवले गेले. लेदरहेड हा हौशी-अर्धव्यावसायिक पातळीवरचा छोटा क्लब आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे ‘लोनवर गेला’ हे शब्द ऐकले की उगाच मोठे चित्र डोळ्यांपुढे येते.

२०१४ च्या उन्हाळ्यात फुलहॅमने त्याला मोकळे केले. त्यानंतर काही महिने त्याला क्लबच नव्हता. ऑक्टोबरमध्ये ओल्डहॅमने थोड्या मुदतीसाठी घेतले, तिथे बूड टेकते न टेकते तोच तो पुन्हा चार्ल्टनला, आणि २०१५ मध्ये वॉल्सॉलला गेला. वॉल्सॉल म्हणजे इंग्लंडची तिसरी पातळी. तिथे पंचविसाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा दर शनिवारी हक्काने खेळायला मिळाले. २०१७ मध्ये कार्डिफने त्याला करार संपलेला खेळाडू म्हणून, एकही पौंड बदलीशुल्क न देता घेतले आणि पहिल्याच हंगामात नील वॉरनॉकच्या हाताखालचा हा संघ दुसऱ्या पातळीवर दुसरा येऊन प्रीमियर लीगमध्ये चढला.

१८ ऑगस्ट २०१८ रोजी मी न्यूकॅसलविरुद्धच्या सामन्याला स्टेडियममध्ये होतो. त्याच्या आधीच्या शनिवारी बोर्नमथमध्ये त्याने कॅलम विल्सनची पेनल्टी अडवली होती. या सामन्यात गोल झालेला नव्हता आणि जादा वेळही संपत आला असताना न्यूकॅसलला पेनल्टी मिळाली. केनेडीने मारलेला चेंडू एथरिजने अडवला आणि सामना ०-० असा सुटला. माझ्या मागच्या रांगेत इथल्या रुग्णालयात काम करणाऱ्या चार-पाच फिलिपिनो परिचारिका होत्या. त्यांच्या आरोळ्यांमध्ये इंग्रजीचा एकही शब्द नव्हता. त्या हंगामात तो लीगचे सर्व ३८ सामने खेळला, तरीही कार्डिफ अठरावे आले आणि खाली उतरले. पुढच्या हंगामात दुखापत झाली आणि जागा गेली. २०२० मध्ये तो बर्मिंगहॅम सिटीकडे गेला, २०२१ मध्ये कोविडने त्याला रुग्णालयात पोचवले, आणि २०२४ मध्ये तो थायलंडच्या बुरिराम युनायटेडकडे गेला. कळसाचा काळ, म्हणजे प्रीमियर लीगमधला, जेमतेम एक हंगामाचा. माझ्या मते ही यशस्वी कारकीर्द आहे. मात्र तुमच्या डोळ्यांपुढे असलेल्या यशाशी ती जुळते का, हे मुलासमोर बसून बोलावे लागेल.

आता कागदपत्रांकडे येतो, कारण तुमचा निर्णय मैदानापेक्षा त्यांच्यावर जास्त अवलंबून आहे. एथरिज इंग्लंडकडून किशोर गटात खेळला होता आणि २००८ मध्ये फिलिपिन्सच्या वरिष्ठ संघात आला. त्याला कोणाकडे नागरिकत्व मागायला जावे लागले नाही. फिलिपिन्सच्या १९८७ च्या राज्यघटनेनुसार आई किंवा वडील यांपैकी एक जण जरी नागरिक असेल, तरी मूल जन्मतः नागरिक ठरते, मग ते जन्मलेले कुठेही असो. फिल आणि जेम्स यंगहजबंड हे दोघे भाऊ त्याच्या आधी याच वाटेने आले होते: जन्म इंग्लंडमधल्या सरे परगण्यातला, चेल्सीची ऍकॅडमी, इंग्रज वडील, फिलिपिनो आई. संगणकावरच्या फुटबॉलच्या खेळात त्यांची नावे पाहून कोणीतरी फिलिपिन्सच्या महासंघाला कळवले, असे सांगितले जाते. रॉब गियर आणि क्रिस ग्रेटविच हेही असेच इंग्लंडमध्ये घडलेले. या मुलांनी काय बदलले हे समजण्यासाठी दोन निकाल पुरेसे आहेत: २००२ मध्ये इंडोनेशियाने फिलिपिन्सला १३-१ असे हरवले होते, आणि डिसेंबर २०१० मध्ये याच फिलिपिन्सने आग्नेय आशियाई चषकातल्या गतविजेत्या व्हिएतनामला हनोईत २-० ने हरवले. गोल ग्रेटविच आणि फिल यंगहजबंड यांचे, गोलमध्ये एथरिज. संघाचे टोपणनाव होते ‘अझकाल्स’, म्हणजे रस्त्यावरची गावठी कुत्री, आणि खेळाडूंनी ते अभिमानाने मिरवले.

त्या काळात एथरिजला क्लबकडून सामने मिळत नव्हते; देशाकडून मात्र मिळत होते. आईच्या पासपोर्टची त्याच्या कारकिर्दीतली खरी किंमत मला इथे दिसते. बाकावर बसलेल्या विशीतल्या गोलकीपरला भरलेल्या स्टेडियममधले दडपण अन्यत्र कुठे अनुभवायला मिळाले असते? पुढे ही बाजू उलटलीही. फिलिपिन्स २०१९ च्या आशिया चषकासाठी प्रथमच पात्र ठरले, तेव्हा तो कार्डिफमध्येच थांबला, कारण ऐन जानेवारीत जागा सोडली असती तर ती परत मिळण्याची खात्री नव्हती.

भारताच्या बाबतीत हे दार असे उघडे नाही. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. पुणे एफसीकडून खेळलेल्या इझुमी अराताने त्यासाठी जपानी नागरिकत्व सोडले आणि २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. रायन विल्यम्स या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या खेळाडूची आई मुंबईत जन्मलेली आहे; त्यालाही २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन पासपोर्ट सोडावा लागला. तुमच्या मुलाचा पेच याच्या उलट आहे. तो भारतात जन्मलेला भारतीय आहे आणि त्याच्या जन्माच्या वेळी पत्नीचे फिलिपिनो नागरिकत्व कायम असेल, तर त्या देशाच्या दृष्टीने तो फिलिपिनोही आहे. मात्र फिलिपिनो पासपोर्ट हातात घेतल्यावर भारतीय पासपोर्टचे काय, हा प्रश्न टळत नाही. त्यामुळे ही पायरी नागरिकत्वाच्या कायद्यात मुरलेल्या वकिलाचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय चढू नका.

इंग्लंडविषयी तुम्हाला कोणी सांगितले नसेल अशी एक गोष्ट आहे. एथरिज जन्मतः ब्रिटिश होता. तुमचा मुलगा तुमच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबित म्हणून येईल. अशा अवलंबितांना इथे नोकरी करता येते, परंतु व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून काम करता येत नाही. गृहखात्याची ‘व्यावसायिक खेळाडू’ची व्याख्या इतकी पसरट आहे की अर्धव्यावसायिक संघ आणि क्लबांच्या ऍकॅडमीतले वयोगटही तिच्यात येतात; देशाच्या सतरा वर्षांखालील संघाकडून नुकतेच खेळलेलेही येतात. म्हणजे मनिलाला जाऊन तो किशोर संघाकडून खेळला, तर बर्मिंगहॅममध्ये त्याच कारणाने अडचण वाढू शकते. स्वतंत्र खेळाडू-व्हिसासाठी इथल्या फुटबॉल संघटनेची शिफारस लागते, आणि तिच्या गुणांमध्ये खरे वजन असते ते जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या पन्नास देशांच्या राष्ट्रीय संघांच्या सामन्यांना. फिलिपिन्स आणि भारत दोन्ही त्याच्या पुष्कळ खाली आहेत. मग उरतो कायम वास्तव्याचा परवाना. तो पाच वर्षांनी मिळत आला आहे, पण २०२५ मध्ये सरकारने ही मुदत दहा वर्षांवर नेण्याचा विचार जाहीर केला आहे. पाच वर्षे धरली तरी मुलगा तेव्हा वीस वर्षांचा असेल. गोलकीपरसाठी वीस हे वय काही म्हातारपण नाही, परंतु तोवरची वर्षे शाळेच्या आणि हौशी संघांत जातील, हे गृहीत धरा.

दोन्ही देशांना लागू असलेला एक नियम फिफाचा आहे. अठरा वर्षांखालील खेळाडूची परदेशातल्या क्लबमध्ये नोंदणी सहसा होत नाही. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले असतील, तर अपवाद मिळू शकतो. तुमची नोकरी खरी आहे, त्यामुळे तुम्ही या अपवादात बसू शकता. नियुक्तिपत्र, घराचा करार आणि शाळेचा प्रवेश यांच्या तारखा मात्र एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. कोणी दलाल ‘आधी मुलाला पाठवा, तुम्ही मागून या’ म्हणाला तर त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवा.

मनिलाचे चित्रही गुलाबी नाही. तो देश बास्केटबॉलचा आहे. गल्लीगल्लीत खांबाला ठोकलेली रिंग दिसते, फुटबॉलचे मैदान शोधावे लागते. सध्याची व्यावसायिक लीग २०१७ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर क्लब उघडत-मिटत राहिले आहेत. फिल यंगहजबंड देशाकडून १०८ सामन्यांत ५२ गोल करून बसलेला, जाहिरातींतून घराघरांत पोचलेला खेळाडू. पण त्याचा शेवटचा क्लब दावाओ अगीलास २०१८ च्या हंगामानंतर लीगमधून बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी तोही निवृत्त झाला. ज्याला तिथे सगळे ओळखतात त्याची ही कथा, तर नवख्याने क्लबच्या पगारावर किती भिस्त ठेवावी? तरीसुद्धा पंधरा ते अठरा या वयात तुमच्या मुलाला गरज आहे ती सामन्यांची, आणि ते मनिलाच्या शाळा आणि क्लबांच्या किशोर स्पर्धांत त्याला कायद्याची आडकाठी न येता मिळू शकतील. माझा कौल म्हणूनच मनिलाला आहे, आणि तोही मुलाने तिथल्या विद्यापीठात पदवीचे शिक्षण घ्यावे अशा बेताने.

एक घरगुती बाब. फिलिपिन्समध्ये भारतीय माणसाला सर्रास ‘बुंबाय’ म्हणतात. शब्द आपल्या मुंबईच्या जुन्या नावावरून आलेला, आणि पत्नींच्या सेबूकडे तर मोठ्या कांद्यालाही ‘बोंबाय’च म्हणतात. व्याजाने पैसे देत फिरणाऱ्या पंजाबी सावकारांमुळे त्या शब्दाला थोडा कडवट वास आहे. मैदानावर मुलाला ही हाक नक्की ऐकू येईल. त्याला शब्दाचा अर्थ आधी त्याच्या आईने सांगितलेला बरा. आईची भाषा त्याला बोलता येत असेल तर निम्मी टवाळी पहिल्या आठवड्यातच विरते. माझ्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबातल्या मुलीच्या बाबतीत मी हे पाहिले आहे.

आता कामाचा क्रम. पत्नींनी दिल्लीतल्या फिलिपिन्सच्या दूतावासाकडे मुलाच्या जन्माची नोंद झाली आहे का, हे आधी तपासावे. परदेशात जन्मलेल्या मुलांसाठी अशी नोंद करता येते आणि उशिरा करायची तर जास्तीची कागदपत्रे मागतात. त्यांचा स्वतःचा त्या वेळचा फिलिपिनो पासपोर्ट, तुमचे विवाह प्रमाणपत्र आणि मुलाचा पुणे महापालिकेचा जन्मदाखला एकत्र ठेवा आणि तिन्हींवर आईच्या नावाची स्पेलिंग एकच आहे ना, ते बघून घ्या. फिलिपिनो नावात आईचे माहेरचे आडनाव मधल्या नावाच्या जागी येते आणि आपल्याकडे तिथे वडिलांचे नाव घालतात. बहुतेक अर्ज याच रकान्यात अडकतात. मनिलाच्या नोकरीला उत्तर द्यायची मुदत किती आहे ते कळवा, म्हणजे शाळांच्या प्रवेशाच्या तारखा मी तिथल्या मित्रांकडून विचारून ठेवतो.