परभणीत आठ महिन्यांच्या लेकरासाठी बालरोगतज्ज्ञ कसा निवडावा?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बदलीमुळे पुण्याहून परभणीला आलात, मुलगी आठ महिन्यांची, वजन आठ किलो, नवव्या महिन्याची लस तोंडावर आली आहे आणि शेजारी दोन नावं सांगतात. एकाकडे सकाळी सातलाच नंबर लावावा लागतो, पण ‘त्यांच्या हाताला गुण आहे, एका सुईत ताप उतरतो.’ दुसऱ्याकडे गर्दी कमी, पण ‘ते औषधच देत नाहीत.’

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. नावं सांगणार नाही. पण लहान मुलांच्या चिठ्ठ्या वाचणं हेच माझं काम, आणि माझं मत असं की दवाखाना त्याच्या चिठ्ठीवरून जेवढा कळतो तेवढा वेटिंग हॉलवरून कळत नाही.

आधी पाटी, ते लवकर आटपतं. एमडी किंवा डीएनबी पेडियाट्रिक्स म्हणजे एमबीबीएसनंतर तीन वर्षं, डीसीएच म्हणजे दोन वर्षं. रोजच्या सर्दी-ताप-जुलाबाला दोन्ही चालतात. आयुर्वेदातही बालरोगाची एमडी असते, तिला कौमारभृत्य म्हणतात. ती वेगळी विद्या आहे, तेव्हा आपण कुणाकडे चाललोय ते माहीत असू द्या. ‘बालरोग’ हा शब्द फूटभर आणि पदवी बोटभर असेल तर जवळ जाऊन वाचा. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं सदस्यत्व ही पदवी नव्हे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असतो, तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

आता चिठ्ठी. सगळ्यात वर उजव्या कोपऱ्यात आजचं वजन आहे का ते बघा. लहान मुलांचं जवळजवळ प्रत्येक औषध किलोवर ठरतं. वजन न लिहिता डोस लिहिला असेल तर तो अंदाज. मागच्या महिन्याचं वजन विचारून लिहिणं हाही अंदाजच.

हे का महत्त्वाचं, ते पॅरासिटामॉलवर बघा. डोस किलोला साधारण १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलीला १२० मिलिग्रॅम. दुकानात हे औषध एका ताकदीत येत नाही. सिरपच्या नावापुढचा आकडा ५ मिलीतला, म्हणजे एका चमच्यातला. १२०चं सिरप असेल तर ५ मिली द्यायचं. २५०चं सिरप असेल तर २.४ मिली. आणि ड्रॉप्स असतील, ज्यांत एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, तर फक्त १.२ मिली. आता चिठ्ठीवर नुसतं ‘एक चमचा तीनदा’ लिहिलंय आणि घरात मोठ्या भावाची २५०ची बाटली आहे असं समजा: डोस दुप्पट झाला. ड्रॉप्सच्या बाटलीतून ५ मिली गेलं तर चौपट. ड्रॉप्सची बाटली लहान दिसते म्हणून औषध सौम्य असेल असं आजीला वाटतं. असतं नेमकं उलटं. म्हणून चांगल्या चिठ्ठीवर औषधाचं नाव, ताकद आणि मिली ही तिन्ही असतात, शिवाय दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर आणि दिवसात चारपेक्षा जास्त नाही, हेही. घरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा.

त्याच चिठ्ठीवर निदान लिहिलेलं असावं. ‘व्हायरल ताप’ एवढं लिहिलं तरी चालेल, डॉक्टरांनी काहीतरी ठरवलंय एवढं तरी कळतं. निदानाची जागा कोरी आणि खाली सात औषधं, म्हणजे अँटिबायोटिक, सर्दीचं, खोकल्याचं, उलटीचं, पोटाचं, टॉनिक, भूक वाढवायचं, अशी चिठ्ठी आली की समजा, आजार सापडला नाही म्हणून प्रत्येक लक्षणाला एक बाटली दिलीय. साध्या व्हायरल तापाला पॅरासिटामॉल, नाकात सलाईनचे थेंब आणि तिसऱ्या दिवशी परत दाखवायला सांगणं, एवढं पुरतं. ‘औषधच देत नाहीत’ ही तक्रार नसून शिफारसही असू शकते, ती अशी.

खोकल्याच्या औषधाबद्दल तर आता वादच उरलेला नाही. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या सिरपातल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनानं लहान मुलं दगावली, त्यानंतर ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानं राज्यांना कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा वापरू नयेत. आठ महिन्यांच्या लेकराच्या चिठ्ठीवर असं सिरप दिसलं तर दुकानात यायच्या आधी, डॉक्टरांसमोरच विचारा. निमसुलाइड हे ताप-दुखण्याचं औषध १२ वर्षांखाली २०११पासून बंद आहे. तेही जोडऔषधांत लपून येऊ शकतं, लेबल वाचा.

जुलाबाची चिठ्ठी ही दुसरी परीक्षा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टँकरचं पाणी सुरू झालं की ती वेळ येतेच. रक्त न पडणाऱ्या पातळ जुलाबाला ओआरएस आणि झिंक, इतकंच मुख्य औषध. सहा महिन्यांवरच्या लेकराला झिंक २० मिलिग्रॅम रोज, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी पूर्ण १४. दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली ओआरएस, वाटी-चमच्यानं, हळूहळू. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं पाहिजे आणि मोठी पुडी एक लिटर पाण्यातच कालवायची. अर्धी पुडी ग्लासात टाकली तर मीठ जास्त होऊन अपाय होतो. कागदी खोक्यातलं गोड फळांच्या चवीचं पेय म्हणजे ओआरएस नव्हे. पहिल्याच दिवशी ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलचं जंतुनाशक जोडऔषध लिहिणारे आहेत, ते बहुतेक वेळा लागत नाही. अंगावरचं दूध मात्र कुणीही बंद करायला सांगितलं तरी बंद करू नका.

‘एका सुईत ताप उतरतो’ यात काय असू शकतं? डेक्सामेथासोन. हे स्टेरॉइड टोचलं की काही तासांत ताप उतरतो, लेकरू खेळायला लागतं, घरचे खूश. आत न्यूमोनिया असेल तर तो तसाच वाढत राहतो, फक्त दिसत नाही. कुत्रा भुंकल्यासारखा खोकला येणाऱ्या क्रूपला, म्हणजे स्वरयंत्राच्या सुजेला, किंवा ठरावीक आजारांना स्टेरॉइड खरंच लागतं, तेव्हा औषध वाईट नाही. निदान न सांगता टोचणं वाईट. तोंडानं औषध घेणाऱ्या लेकराला सुई कशाला, आणि सुईत काय आहे, हे दोन प्रश्न नम्रपणे विचारा. ‘ते आमचं असतं’ असं उत्तर आलं तर उठा. यात दोष सगळा डॉक्टरांचा नाही, हेही सांगतो. ‘साहेब, एक बाटली लावाच’ असं सलाईन मागणारे नातेवाईक आपल्याकडे कमी नाहीत.

तसंच तापाच्या दुसऱ्याच दिवशी विडाल ही रक्ततपासणी करून ‘टायफॉईड निघाला’ म्हणणं. विडाल रक्तातली प्रतिपिंडं मोजते, ती तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. टायफॉईडची खरी शंका असेल तर अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, पाठवतात. पावसाळ्यात डेंग्यूची एनएस१ तपासणी मात्र पहिल्या चार-पाच दिवसांतच उपयोगाची.

तपासणीकडे लक्ष ठेवा. खोकला-ताप असलेल्या लेकराचं झबलं वर केल्याशिवाय तपासणी होत नाही. श्वास मोजताना डॉक्टर पूर्ण मिनिट पोट-छातीकडे बघतात, लेकरू शांत असताना. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास म्हणजे जोरात. एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त. छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का तेही बघतात. कान आणि घसा शेवटी, कारण त्यानंतर लेकरू रडतंच. हे घरीही मोजता येतं, मोबाइलचं घड्याळ पुरे. वजन, लांबी आणि डोक्याचा घेर फाइलमधल्या वाढीच्या आलेखावर टिंब मारून नोंदवणारा दवाखाना मिळाला तर तो सहसा सोडू नका.

लसीसाठी फ्रिज बघा, हे मी मनापासून सांगतो. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. पेंटाव्हॅलंटसारखी (पाच आजारांवरची एकत्र) लस गोठली तर निकामी होते, गोवराची लस तापली तर. आपल्याकडे वीज जाते, उन्हाळ्यात पारा ४२च्या वर जातो, म्हणून विचारा: फ्रिजला इन्व्हर्टर आहे का, आत थर्मामीटर आहे का, दिवसातून दोनदा तापमान लिहिलेली वही आहे का. दारातल्या कप्प्यात लस आणि वर डब्यात दही असं दिसलं तर लस तिथं घेऊ नका. सरकारी लसीच्या व्हायलवर, म्हणजे छोट्या बाटलीवर, एक गोल आणि त्यात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर ठीक, तितकाच किंवा जास्त गडद झाला तर ती व्हायल फेकायची. लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात की लगेच घरी पाठवतात, आणि लसीची तीव्र ॲलर्जी आली तर लागणारं ॲड्रेनॅलिन हाताशी आहे का, हेही बघून घ्या.

तुमच्या नवव्या महिन्याला सरकारी केंद्रात एमआर (गोवर-रुबेला), पीसीव्हीचा (न्यूमोकोकस जंतूवरच्या लसीचा) बूस्टर, आयपीव्हीचा (पोलिओच्या इंजेक्शनचा) तिसरा डोस आणि अ जीवनसत्त्व १ मिली, म्हणजे १ लाख युनिट, हे सगळं मोफत मिळतं. सरकारी लस कमी दर्जाची हा गैरसमज आहे. खासगीत एमएमआर दिली तर त्यात गोवर-रुबेला आलंच, एमआर वेगळी लागत नाही. कुठेही घ्या, पण लसीचं नाव, बॅच आणि तारीख त्याच एका कार्डावर लिहून घ्या. अर्धं पुण्याच्या फाइलमध्ये आणि अर्धं इथल्या, असं झालं की बूस्टरच्या वेळी गोंधळ होतो.

आता रात्रीचं. आजार रात्रीच वाढतो, त्यामुळे आधीच विचारून ठेवा: रात्री दोनला आलो तर कोण बघेल? वॉर्डात बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, असणं ही सर्रास पद्धत आहे. डॉक्टर फोन उचलतात का आणि वीस मिनिटांत येतात का, हे महत्त्वाचं. बाहेर ‘एनआयसीयू’ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. तो अतिदक्षता विभाग नवजात बाळांसाठी, पहिल्या २८ दिवसांपुरता. आठ महिन्यांच्या मुलीला श्वासाचा गंभीर त्रास झाला तर पीआयसीयू, म्हणजे त्यापुढच्या मुलांचा अतिदक्षता विभाग, लागतो आणि तो प्रत्येक जिल्ह्यात प्रत्येकाकडे नाही. चांगला डॉक्टर ‘नांदेडला विष्णुपुरीला न्या’ किंवा ‘संभाजीनगरला घाटीत न्या’ (ही दोन्ही सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं) हे वेळेत सांगतो, काय दिलं ते कागदावर लिहून देतो आणि ऑक्सिजन लावलेल्या गाडीतून पाठवतो. १०८ची गाडी मोफत असते. उशिरा पाठवणाऱ्यापेक्षा लवकर पाठवणारा बरा, मग लोक त्याला भित्रा म्हणोत.

मराठवाड्यात एक जास्तीचा प्रश्न विचाराच: विंचू चावला तर इथे प्राझोसिन आहे का? हे औषध विंचूदंशावर रुजवण्याचं काम महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांचं; ते मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. लहान लेकराला हातपाय गार पडून घाम सुटला तर तासांचा हिशोब असतो. साप चावल्यावर मात्र खासगीत चौकशी करत बसू नका, सरकारी रुग्णालय गाठा, प्रतिविष तिथे असतं.

ॲडमिट करायची वेळ आली तर दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर शोधा. महाराष्ट्रात २०२१च्या नियमांनी ती लावणं बंधनकारक आहे. दवाखान्यातल्याच मेडिकलमधून औषध घेण्याची सक्ती नसते, हे एक मेडिकलवालाच सांगतोय असं समजा.

तुमच्या दोघांपैकी कोण, ते ठरवायला आजाराची वाट बघू नका. मुलगी बरी असताना नवव्या महिन्याच्या लसीला दोघांपैकी कमी गर्दीच्या डॉक्टरांकडे जा, पुण्याची फाइल आणि घरातल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या पिशवीत घेऊन. बाटल्या समोर मांडा आणि म्हणा, ‘ताप आला तर यातलं किती मिली, लिहून द्या.’ त्यांनी लेकराला काट्यावर ठेवलं, बाटलीवरची ताकद वाचली आणि मग आकडा लिहिला, तर गर्दीच्या दवाखान्यात सातला नंबर लावायची गरज नाही.