रात्रीची नोंद बदलायला सांगतात, काय करू?

प्रश्न : मी नागपुरात धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. रात्रपाळीत, ऑपरेशन झालेल्या एका आजोबांचा श्वास वाढत गेला, बी.पी. उतरत गेलं. ऑन-कॉल डॉक्टरांना दोनदा फोन केला. त्यांनी फोनवरच औषध सांगितलं, आले पहाटे. आजोबा गेले. नातेवाइकांनी पोलिसांत तक्रार दिली आहे. आता मेट्रन म्हणतात, ‘फोनचा उल्लेख काढून पान नव्यानं लिही.’ खरं तर दुसरा फोन लिहायचा माझ्याकडून राहूनच गेला होता. काय करू?

उत्तर : ताई, पान पुन्हा लिहू नका. मेट्रन सांगोत की मालक.

आज तुमच्यावर संशय असलाच तर निष्काळजीपणाचा आहे. नोंद बदललीत की पुरावा नष्ट करणं, खोटा दस्तऐवज करणं हे स्वतंत्र गुन्हे मागे लागतील, आणि त्यात हेतू उघड दिसेल. निष्काळजीपणाचं कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं १०६. उपचार करताना मृत्यू ओढवला तर नोंदणीकृत डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षं, इतरांना पाच. परिचारिका त्या ‘डॉक्टर’च्या व्याख्येत बसत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण कायदा आज असाच आहे. जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की फौजदारी खटल्यासाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो आणि आधी तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्यावं. ते डॉक्टरांपुरतं बोललं गेलं असलं, तरी तुमचा वकील तोच मुद्दा तुमच्यासाठी मांडू शकतो.

तुमचा बचाव तुमच्याच अक्षरात आहे. श्वासाचा वेग, बी.पी., नाडी, ऑक्सिजन, रुग्ण शुद्धीवर होता का. काय दिसलं, किती वाजता, कुणाला कळवलं, त्यांनी काय सांगितलं, तुम्ही काय दिलं. एवढं त्या पानावर वेळेसह असेल, तर तुम्ही पेशंटकडे लक्ष दिलं आणि वर कळवलं हे दिसतं. चौकशीत पहिल्यांदा हेच बघतात.

राहिलेल्या फोनचं काय? एरवी उशिराची नोंद, ती प्रत्यक्ष लिहिता त्या वेळची तारीख-वेळ टाकून, करता येते. पण तक्रार झाल्यावर चार्टला हातच लावू नका. मोबाइलमधली कॉलची यादी जपा, हँडसेट बदलू नका. दुसऱ्या फोनचा उल्लेख तुमच्या लेखी खुलाशात करा. केस पेपरचे फोटो मात्र व्हॉट्सॲपवर टाकू नका, मैत्रिणींच्या ग्रुपवरही नाही. ती रुग्णाची खासगी माहिती आहे. नातेवाइकांनी रीतसर मागितली तर ७२ तासांत ती द्यायची जबाबदारी डॉक्टर-रुग्णालयाची आहे.

मेट्रनना आजच ईमेल करा : ‘नोंद नव्यानं लिहायला सांगितलं, मला ते करता येणार नाही.’ दोन ओळी पुरेत, आरोप नकोत. नोकरीवर गदा आलीच तर हाच ईमेल कामी येईल. तेव्हा नियुक्तीपत्र घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा.

कॉरिडॉरमध्ये नातेवाइकांनी गाठलं तर खोटं बोलू नका, पण ‘डॉक्टरच आले नाहीत’ असा निकालही देऊ नका.

साक्षीदार म्हणून पोलिसांनी बोलावलं, तर बाईमाणसाचा जबाब तिच्या राहत्या घरी घ्यावा लागतो. त्या जबाबावर सही करायची नसते. नोटीस आरोपी म्हणून आली असेल तर मात्र आधी वकील गाठा. नातेवाईक ग्राहक आयोगात गेले, तर भरपाईची पहिली जबाबदारी सहसा रुग्णालयावरच येते. त्याची धास्ती आत्ता नको.