औपचारिक इंग्रजीत “डोन्ट” लिहावे का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : परदेशी विद्यापीठासाठी मी स्टेटमेंट ऑफ पर्पज लिहीत आहे. त्यात “आय अ‍ॅम”चे संक्षिप्त रूप चालेल का? (विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

उत्तर : पूर्ण रूपच लिहावे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लेखनशैली अनेक विद्यापीठांत पाळली जाते आणि तीही शैक्षणिक लेखनात अशी रूपे टाळण्यास सांगते. मात्र दुसऱ्याचे वाक्य अवतरणात देताना त्यातील “डोन्ट” तसेच ठेवावे, कारण ते उलगडणे म्हणजे मूळ शब्दांत फेरफार करणे होय.

प्रश्न : आमच्या कारखान्यात यंत्रांजवळ इंग्रजी सूचना लावायच्या आहेत. “डोन्ट टच” सुटसुटीत वाटते. (पर्यवेक्षक, सातपूर)

उत्तर : येथे सुटसुटीतपणापेक्षा सुरक्षितता महत्त्वाची आहे, म्हणून “डू नॉट टच” असेच लिहावे. “कॅन” आणि “कान्ट” यांच्या इंग्रजी लेखनात केवळ एका अ‍ॅपॉस्ट्रॉफीचा आणि एका अक्षराचा फरक असतो, आणि घाईत, लांबून किंवा पुसट झालेल्या फलकावर तेवढाच नजरेतून निसटला तर मनाई परवानगी होऊन बसते. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाची लेखनमार्गदर्शिका याच कारणासाठी नकारार्थी संक्षिप्त रूपे टाळायला सांगते : अनेकांना ती वाचायला अवघड जातात, काही जण तर उलटाच अर्थ घेतात. ज्यांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे अशा कामगारांसाठी ही काळजी अधिकच आवश्यक आहे, आणि माझ्या मते इंग्रजी सूचनेखाली मराठी सूचना असलीच पाहिजे. “कॅनॉट” मात्र मध्ये जागा न सोडता एकच शब्द म्हणून लिहावा.

प्रश्न : नेदरलँड्समधील खरेदीदार ईमेलमध्ये सर्रास “वुई’ल” लिहितात. आम्हीही तसे लिहावे का? (द्राक्ष निर्यातदार, पिंपळगाव बसवंत)

उत्तर : रोजच्या ईमेलमध्ये अवश्य लिहावे, तेथे प्रत्येक रूप उलगडल्यास मजकूर उगाच ताठर वाटतो. करारात आणि दराविषयीच्या पत्रात मात्र नको. “दे’ड कट द प्राइस” या वाक्याचा अर्थ त्यांनी दर आधीच कमी केला होता असाही होतो आणि ते कमी करतील असाही होतो, कारण “हॅड” आणि “वुड” या दोन्हींचे संक्षिप्त रूप एकच आहे आणि “कट” हे क्रियापद भूतकाळातही बदलत नाही. पैशांच्या व्यवहारात असा संदेह ठेवू नये.

प्रश्न : “इट्स”मध्ये अ‍ॅपॉस्ट्रॉफी केव्हा द्यावी? (शिक्षक, नाशिक रोड)

उत्तर : त्या जागी “इट इज” किंवा “इट हॅज” वाचून पाहावे. वाक्य जुळले तर द्यावी. मालकी दाखवायची असेल तर देऊ नये.