लेझरचं ‘लाइफटाइम’ पॅकेज हप्त्यावर घ्यावं का?

प्रश्न : मी २८ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. हातात ३८,००० पगार, स्कूटरचा २,९०० चा हप्ता चालू, बचत खात्यात ५५,०००. दोन वर्षांपूर्वी काखेतले केस काढायला लेझर केलं, चार सिटिंगला ६,००० गेले. सहा-सात महिने छान गेले, मग केस परत आले. आता एका क्लिनिकने हात, पाय, काख आणि चेहरा मिळून आठ सिटिंगचं ‘लाइफटाइम’ पॅकेज सांगितलंय. नो कॉस्ट ईएमआयवर ७८,००० (२४ महिने, ३,२५० रुपये), रोख दिले तर ७०,०००. प्रोसेसिंग फी १,५०० वेगळी. मी २,००० टोकन भरलंय, कर्जाचे कागद अजून झालेले नाहीत. पार्लरला महिन्याला १,५०० जातात, म्हणजे चार-साडेचार वर्षांत पैसे वसूल, असं ते म्हणतात. चार महिन्यांनी माझं लग्न आहे आणि नंतर मी बंगळूरला जाणार. पाळी अनियमित आहे, हनुवटीवरचे केस वर्षभरात वाढलेत. आई म्हणते, हा फालतू खर्च आहे. काय करू?

उत्तर : नमस्कार. आधी आईंच्या आक्षेपाचं बोलू. खर्च फालतू आहे की नाही हे मी ठरवणार नाही. बाइकला अलॉय व्हील्स बसवणाऱ्या मुलाला असं कुणी विचारत नाही. पगार तुमचा आहे, रोजची कटकटही तुमचीच आहे. ‘हेच पैसे एसआयपीत टाकले असते तर’ हा हिशेब प्रत्येक खर्चासमोर नाचवण्यात मला रस नाही. मला खटकतं ते एवढंच की क्लिनिक हा खर्च एकदाचा म्हणून विकतंय आणि तो आहे देखभालीचा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसारखा. काम चांगलं झालं तर वर्षानुवर्षं टिकतं, पण अधूनमधून हात फिरवावाच लागतो.

तुमचे केस परत का आले, हे कळलं की आकडे आपोआप जागेवर येतात. लेझरचा प्रकाश केसातलं मेलॅनिन, म्हणजे काळा रंग, शोषून घेतो. त्याची उष्णता मुळापर्यंत पोहोचून केस उगवणाऱ्या पेशी जाळते. त्यासाठी केस वाढीच्या टप्प्यात आणि मुळाशी घट्ट जोडलेला हवा. पण सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. काही वाढतात, काही विश्रांतीत असतात, काही गळायच्या बेतात असतात. पायावर एका वेळी साधारण पाचातला एकच केस वाढीत असतो, काखेत त्याहून थोडे जास्त. म्हणून एका सिटिंगमध्ये सगळी मुळं सापडतच नाहीत आणि सहा ते आठ सिटिंग, चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने, घ्यावी लागतात. तुमची चारच झाली होती. विश्रांतीतली मुळं तशीच राहिली.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. सगळीच मुळं मरत नाहीत, काही नुसती होरपळतात. होरपळलेलं मूळ केस टाकून देतं आणि कित्येक महिने गप्प बसतं. मग त्यातूनच पुन्हा केस येतो, बहुतेकदा आधीपेक्षा बारीक आणि फिका. तुमचे ‘छान’ सहा-सात महिने यातच मोडत असावेत. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत याचं प्रमाण वाढू शकतं, कारण प्रकाश शोषणारा रंग त्वचेतही असतो. भाजू नये म्हणून चालवणारा माणूस शक्ती कमी ठेवतो आणि मुळं नुसतीच शेकली जातात. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं एनडी-याग लेझर त्वचेतल्या रंगात कमी अडकतं, म्हणून सावळ्या त्वचेला ते जास्त सुरक्षित. क्लिनिकला यंत्र कोणतं ते विचारा. आयपीएल (तीव्र प्रकाशाचे झोत टाकणारं यंत्र) हे लेझर नव्हे, तरी बऱ्याच ठिकाणी ते लेझर म्हणूनच खपवलं जातं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनसुद्धा या यंत्रांना केसांची संख्या दीर्घकाळ कमी करण्याचाच दावा करू देतं, कायमचे काढून टाकण्याचा नाही.

आता हनुवटी. तिथे येतो तो जुनाच केस असेल असं नाही. अँड्रोजेन (पुरुषी) हार्मोन वाढलं की चेहऱ्यावरची साधी लव जाड, काळ्या केसात बदलते. ज्या मुळात काल लव होती तिथे आज केस येतो, आणि लेझर उद्याच्या केसाला आज मारू शकत नाही. अनियमित पाळी आणि वर्षभरात वाढलेले हनुवटीवरचे केस हे एकत्र दिसलं की डॉक्टर पीसीओएस (हार्मोनचा एक बिघाड), थायरॉइड वगैरे तपासतात. ते निदान माझं काम नाही. पण पैशांच्या दृष्टीने सांगतो, स्त्रीरोगतज्ज्ञांची फी आणि रक्त तपासणी हा या सगळ्या यादीतला सर्वांत मोलाचा खर्च आहे आणि तो पॅकेजच्या आधी व्हायला हवा. हार्मोनचं कारण निघालं तर लेझर करूच नये असं नाही. पण मूळ कारणावर उपचार आणि टच-अप (अधूनमधून पुन्हा घ्यायची सिटिंग) दोन्ही चालू ठेवावे लागतील, हे गृहीत धरूनच पैसे बाजूला काढायचे. शिवाय चेहऱ्यावर आणि मानेवर काही जणींना लेझरनंतर केस उलट वाढतात. असं सगळ्यांना होत नाही, पण सावळी त्वचा आणि हार्मोनचा त्रास असलेल्यांत जास्त दिसतं. चेहरा या पॅकेजमध्ये सरसकट घालू नका.

आता त्यांचा वसुलीचा हिशेब. ७८,००० भागिले वर्षाचे १८,०००, म्हणजे चार वर्षं चार महिने. पण तुम्ही पाठवलेल्या दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय की आठ सिटिंगनंतर टच-अप ‘अर्ध्या दरात, ४,५००’. म्हणजे लाइफटाइम आहे ती सवलत. वर्षाला दोन टच-अप धरले तर ९,००० गेले. पार्लरचे १८,००० पूर्ण वाचले असं मानलं, तरी हातात राहतात ९,०००. वसुलीला साडेआठ वर्षांहून जास्त लागतात. त्यात हनुवटीचं थ्रेडिंग चालूच राहिलं तर आणखी लांबेल.

आणि तुमचं आयुष्य या पॅकेजच्या चौकटीत बसत नाही. आठ सिटिंगमध्ये सात अंतरं, प्रत्येकी सहा आठवडे धरले तर ४२ आठवडे, म्हणजे जवळजवळ दहा महिने. लग्न चार महिन्यांवर. तोवर फार तर तीन सिटिंग होतील, बाकीच्या पाचांसाठी बंगळूरहून पुण्याला येणार का? पुढे दिवस गेले तर गरोदरपणात डॉक्टर लेझर सहसा थांबवतात, आणि हार्मोन बदलतात ते वेगळंच. आठ सिटिंगची मुदत तोवर संपलेली असू शकते.

ईएमआय ‘नो कॉस्ट’ नाही, हे क्लिनिकनेच तुम्हाला सांगितलंय. रोखीने ७०,०००, हप्त्याने ७८,०००. हे ८,००० म्हणजेच व्याज. वार्षिक दर काढला तर साडेदहा टक्क्यांच्या आसपास पडतो, १,५०० ची प्रोसेसिंग फी धरली की तेराच्या जवळ जातो. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. दर अघोरी नाही, क्रेडिट कार्डापेक्षा बराच बरा आहे. धोका दुसरीकडे आहे. कर्ज देते फायनान्स कंपनी, सेवा देतं क्लिनिक. क्लिनिकला टाळं लागलं किंवा तुम्ही मध्येच थांबलात तरी हप्ता चालूच राहतो, आणि चुकवला तर सिबिल स्कोअर तुमचा पडतो. लग्नानंतर दोघांनी मिळून गृहकर्ज घ्यायचं झालं तर तोच स्कोअर बघतात. आरोग्य विम्यातून यातलं काही मिळेल अशी आशा ठेवू नका, सौंदर्यासाठीचे उपचार पॉलिसीतून वगळलेले असतात.

गंमत म्हणजे या उपचाराला कर्ज लागतच नाही. केसांच्या वाढीमुळे दोन सिटिंगमध्ये एक-दोन महिन्यांचं अंतर ठेवावंच लागतं, तेवढ्यात पगार येतो. एका सिटिंगचे पैसे त्या सिटिंगला द्यायचे. पॅकेजपेक्षा दर थोडा जास्त पडेल, पण पटलं नाही त्या दिवशी थांबता येतं. ती मुभा मी त्या जादा पैशांत आनंदाने विकत घेईन.

मी तुमच्या जागी असतो तर आत्ता फक्त काख केली असती. तिथले केस जाड, काळे, लेझरला चांगले दाद देणारे. जुन्या दराने, १,५०० ला एक, लग्नापर्यंत तीन सिटिंगचे ४,५०० होतात. त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, कोणतं यंत्र आणि किती शक्ती हे प्रत्येक वेळी लिहून घेऊन. ती नोंद बंगळूरच्या डॉक्टरांना दाखवता येईल. मधल्या काळात काखेत वॅक्सिंग करू नका, रेझर चालेल. वॅक्सिंगने केस मुळासकट निघतो आणि लेझरला पकडायला काही उरत नाही. शेवटचं सिटिंग लग्नाच्या निदान दोन-तीन आठवडे आधी उरका. हातपायांचं बंगळूरला स्थिरावल्यावर बघा, आणि निकाल शेवटच्या सिटिंगनंतर सहा महिने ते वर्षभराने मोजा, पुढच्या महिन्यात नाही. बचतीतले ५५,००० तसेच राहू द्या. लग्न आणि शहरबदल एकाच वेळी असताना दीड पगाराएवढी गंगाजळीसुद्धा मला कमीच वाटते.

राहिलं २,००० चं टोकन. ‘आठ सिटिंग पूर्ण करणं शक्य नाही, टोकन परत करावं’ असं क्लिनिकला ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपवर लिहून कळवा, तोंडी नको. परत देत नसतील तर तेच टोकन काखेच्या सिटिंगमध्ये वळतं करून मागा. तेही नाही म्हणाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, आणि दरम्यान फायनान्स कंपनीचा ओटीपी कुणालाही सांगू नका. बऱ्याचदा तो सांगितला की कर्जाला तुमची संमती मिळाली असं धरलं जातं.